आतकरवाडी–सिंहगड पायवाट

आतकरवाडी–सिंहगड पायवाट ही महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यात, सिंहगड किल्ल्याच्या उत्तर पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडाच्या पुणे दरवाज्यापर्यंत जाणारी डोंगरवाट आहे. पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असलेली ही वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर लांबीची असली, तरी तेवढ्या अंतरात ती सुमारे ६०० मीटर उंची गाठते. शहराला जवळ, वर्षभर खुली आणि वाट चुकण्याची भीती कमी, या तीन कारणांमुळे ती पुणे परिसरातील सर्वाधिक वर्दळीच्या डोंगरवाटांपैकी एक ठरली आहे. शनिवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी पहाटेपासूनच या वाटेवर गर्दी असते. नियमित येणाऱ्यांमध्ये शाळकरी मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांपर्यंत सर्व वयांचे लोक आढळतात.

सिंहगड १६७० मधील तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमासाठी प्रसिद्ध असल्यामुळे, आतकरवाडीची वाट म्हणजे तानाजी व त्यांचे मावळे ज्या मार्गाने गडावर चढले तो मार्ग, असा समज काही पर्यटकांमध्ये आढळतो. तो बरोबर नाही. परंपरेने तानाजींच्या चढाईशी जोडला गेलेला कडा गडाच्या पश्चिम बाजूस आहे. आतकरवाडीची वाट गडाच्या राजरोस दरवाज्याकडे जाते.

स्थान आणि भूरचना

सिंहगड हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे गेलेल्या भुलेश्वर डोंगररांगेवरील किल्ला असून त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर आहे. गडाच्या उत्तरेस मुठा नदीचे खोरे आणि खडकवासला धरणाचा जलाशय आहे, तर दक्षिणेकडे शिवगंगेचे खोरे पसरले आहे. आतकरवाडी ही घेरा सिंहगड या गावाच्या परिसरातील वाडी असून ती गडाच्या अगदी पायथ्याशी वसलेली आहे.

हा डोंगर दख्खनच्या पठाराप्रमाणेच बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीय उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. या थरांचे काठिण्य सारखे नाही. कठीण थरांचे कडे उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. त्यामुळे डोंगराची बाजू एकसारखी चढत न जाता पायरी-पायरीने चढते. वाटेवरून जाणाऱ्यास ही रचना पायाखालीच जाणवते. काही अंतर मुरमाड, भुसभुशीत उतार लागतो, त्यानंतर उघड्या कातळाचा खडा टप्पा येतो आणि पुन्हा श्वास घेण्यापुरती सपाटी मिळते. माथ्याजवळचा काळा कडा हा याच कठीण थरांपैकी एक असून गडाच्या तटबंदीचे निम्मे काम त्यानेच केले आहे.

संज्ञा

'घेरा' हा शब्द किल्ल्याभोवतीच्या पायथ्याच्या मुलखासाठी वापरला जाई. गडाच्या संरक्षणासाठी डोंगराच्या उतारावर, चढणीच्या वाटांवर लक्ष ठेवता येईल अशा जागी असलेल्या चौकी-वस्तीला 'मेट' म्हणत. घेऱ्यातील आणि मेटांवरील लोकांचा गडाच्या राखणीशी संबंध असे. घेरा सिंहगड या गावाच्या नावात ही जुनी व्यवस्था अजून टिकून आहे.

पुण्यातील बोलीत या वाटेला स्वतंत्र नाव क्वचितच दिले जाते. 'पायथ्याने जाणे' किंवा नुसते 'सिंहगड करणे' असे म्हटले की आतकरवाडीची वाट अभिप्रेत असते. मोटारीने जाण्याला 'सिंहगडावर जाणे' म्हणतात. 'सिंहगड करणे' हा प्रयोग प्रामुख्याने पायी चढणाऱ्यांसाठी राखलेला आहे.

इतिहास

दरवाज्याची वाट आणि कड्याची वाट

सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. १३२८ मध्ये दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने हा किल्ला नाग नायक या कोळी सरदाराकडून दीर्घ वेढ्यानंतर घेतला. पुढे निजामशाही व आदिलशाही काळातून जाऊन तो छत्रपती शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाण्याचा समावेश होता.

गडाला दोन प्रमुख प्रवेशमार्ग आहेत. पुण्याच्या दिशेने येणाऱ्यांसाठी पुणे दरवाजा आणि कल्याण गावाच्या बाजूने येणाऱ्यांसाठी कल्याण दरवाजा. पुणे दरवाज्याच्या वाटेवर एकापाठोपाठ एक अशी तीन प्रवेशद्वारे आहेत. चढून दमलेल्या शत्रूला तिन्ही द्वारांवर वरच्या बाजूने मारा सोसावा लागावा, अशी ही योजना आहे. कडे नैसर्गिक आणि वाटा मोजक्या असल्यामुळे गडाची राखण प्रामुख्याने या दोन दरवाज्यांवर केंद्रित करता येत असे.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी केलेली चढाई याच कारणामुळे असामान्य मानली जाते. मोगलांच्या वतीने गडाचा किल्लेदार असलेल्या उदयभान राठोड याच्या पहाऱ्यातील दरवाजे टाळून तानाजी सुमारे ३०० मावळ्यांसह पश्चिमेकडील द्रोणागिरीच्या कड्याने वर चढले. हा कडा आता 'तानाजी कडा' या नावानेही ओळखला जातो. लढाईत तानाजी व उदयभान दोघेही पडले आणि गड मराठ्यांच्या हाती आला. शाहीर तुळशीदास यांच्या पोवाड्याने आणि हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने हा प्रसंग मराठी घराघरांत पोहोचवला. घोरपडीला दोर बांधून चढल्याची कथा लोकपरंपरेतील असून इतिहासकार ती ऐतिहासिक पुरावा म्हणून स्वीकारत नाहीत. 'सिंहगड' हे नावही १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारात आढळत असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे.

उत्तरकाळ

छत्रपती राजाराम महाराजांचे निधन १७०० मध्ये सिंहगडावर झाले. त्यांची समाधी गडावर आहे. १७०३ मध्ये गड औरंगजेबाकडे गेला, पण मराठ्यांनी तो पुन्हा मिळवला. १८१८ मध्ये तोफांच्या माऱ्यानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर गडाचे लष्करी महत्त्व संपले आणि उन्हाळ्यात पुण्याच्या उष्म्यापासून दूर राहण्याची जागा म्हणून त्याचा उपयोग होऊ लागला. इंग्रज अधिकाऱ्यांनी व काही पुणेकरांनी गडावर बंगले बांधले. लोकमान्य टिळकांचा बंगला यांपैकीच होय. टिळक येथे विश्रांतीसाठी व लेखनासाठी येत असत. १९१५ मध्ये टिळक व महात्मा गांधी यांची याच बंगल्यात भेट झाली होती.

गडावर पुढे मोटाररस्ता झाला आणि आकाशवाणी-दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी मनोरे उभे राहिले. गाडीरस्ता झाल्यावर पायवाटा ओस पडतात, असा अनेक गडांचा अनुभव आहे. आतकरवाडीच्या वाटेबाबत मात्र उलट घडले. गडावर पोहोचण्याची गरज मोटाररस्त्याने भागू लागल्यावर ही वाट चढण्यासाठीच चढली जाऊ लागली आणि शहराच्या वाढीबरोबर तिच्यावरील वर्दळही वाढत गेली.

मार्गाचे वर्णन

वाटेची सुरुवात आतकरवाडीतील वाहनतळाजवळून होते. सुरुवातीचा भाग वाडीतील घरे, शेते व झाडोरा यांमधून जातो आणि चढ सौम्य असतो. या टप्प्यात एक ओढा लागतो. तो उन्हाळ्यात कोरडा असला तरी पावसाळ्यात वाहता असतो. अनुभवी गिर्यारोहक हा भाग मुद्दाम सावकाश चालतात, कारण पुढील चढासाठी शरीर तापण्याची संधी येथेच मिळते.

त्यानंतर वाट डोंगराच्या सोंडेला लागते आणि चढ एकदम वाढतो. येथून माथ्यापर्यंत वाट बहुतेक ठिकाणी सरळ वर जाते. घाटरस्त्याप्रमाणे लांब वळणे घेत नाही. पाऊलखुणांनी रुंद झालेली मुख्य वाट आणि तिला फुटणाऱ्या आडवाटा असे तिचे स्वरूप आहे. बहुतेक आडवाटा थोड्या अंतरावर पुन्हा मुख्य वाटेस मिळतात. गडावर वीज नेणाऱ्या तारांचे खांब वाटेच्या सोबतीने चढत गेलेले असल्याने धुक्यात तेच वाटाडे ठरतात. नेहमी येणारे लोक किती चढ उरला हे खांबांवरून व ताक-सरबताच्या टपऱ्यांवरून सांगतात.

मधल्या टप्प्यात झाडी विरळ होते आणि मागे वळून पाहिल्यास खडकवासला जलाशय व त्यापलीकडे पुणे शहर दिसू लागते. येथे वाट मुरमाड असून तिच्यावर सुटे खडे असतात. गिर्यारोहकांच्या भाषेत यास 'घसारा' म्हणतात. कोरड्या दिवसांत हा घसारा चढताना फारसा जाणवत नाही, परंतु उतरताना पाय सटकण्याचे ते मुख्य कारण असते.

शेवटचा टप्पा सर्वांत खडा आहे. येथे कातळात पडलेल्या नैसर्गिक पायऱ्यांवरून, तर काही ठिकाणी रचलेल्या दगडांवरून चढावे लागते. माथ्यावरील मनोरे बराच वेळ जवळ आल्यासारखे दिसतात, पण वाट संपत नाही. पहिल्यांदा येणारे अनेकजण येथेच धीर सोडतात. हा टप्पा ओलांडल्यावर तटबंदी दृष्टीस पडते आणि वाट पुणे दरवाज्यापाशी येऊन मिळते. मोटाररस्त्याने आलेले पर्यटकही वाहनतळावरून येथेच येतात.

दरवाज्यातून आत गेल्यावर दारूकोठार, टिळक बंगला, कोंढाणेश्वर व अमृतेश्वर ही मंदिरे, देवटाके, तानाजी मालुसरे यांचे स्मारक, राजाराम महाराजांची समाधी, कल्याण दरवाजा आणि तानाजी कडा ही प्रमुख ठिकाणे पाहता येतात. देवटाक्याचे पाणी चवीसाठी प्रसिद्ध होते. गांधीजी पुण्यास आले असता ते मागवत, असे सांगितले जाते. स्वच्छ हवेत माथ्यावरून राजगड, तोरणा व पुरंदर हे किल्ले दिसतात.

चढाची तीव्रता आणि वेळ

पावणेतीन किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर म्हणजे दर १०० मीटर चालीमागे सरासरी २२ मीटर चढ. सुरुवातीचा भाग सौम्य असल्यामुळे वरच्या टप्प्यांतील प्रत्यक्ष चढ या सरासरीहून अधिक आहे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरल्यास हा चढ दोनशे मजल्यांइतका भरतो. पुणेकरांच्या परिचयाच्या पर्वती टेकडीस १०३ पायऱ्या आहेत. त्या न थांबता चढणाऱ्यासही सिंहगडाचा चढ पहिल्या खेपेस जड जातो, तो या फरकामुळे.

सामान्य प्रकृतीच्या व्यक्तीस चढण्यास दीड ते दोन तास लागतात. नियमित सराव असलेले लोक पाऊण तास ते एक तासात दरवाजा गाठतात, तर डोंगरी शर्यतींत धावणारे खेळाडू त्याहून बऱ्याच कमी वेळात पोहोचतात. उतरण्यास साधारण तासभर लागतो. उतरताना दम लागत नसला तरी प्रत्येक पावलास शरीराचा भार मांड्यांना व गुडघ्यांना रोखून धरावा लागतो. त्यामुळे गुडघेदुखीचा त्रास असलेल्यांना चढापेक्षा उतरण अधिक कष्टाची वाटते. असे लोक पायी चढून घाटरस्त्याने वाहनातून खाली येणे पसंत करतात.

ऋतुमान

जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा काळ सर्वाधिक गर्दीचा असतो. डोंगर हिरवा होतो, माथा ढगांत असतो आणि वाटेवर लहानमोठे झरे वाहतात. याच काळात वाट सर्वाधिक निसरडी असते. कातळावर शेवाळ धरते आणि मातीच्या भागात चिखल होतो. पावसाच्या अखेरीस पठारावर व उतारांवर सोनकी, तेरडा यांसारखी रानफुले येतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस सर्वांत अनुकूल आहे. हवा कोरडी व थंड असते आणि दूरवरचे किल्ले स्पष्ट दिसतात. मार्च ते मे या महिन्यांत मधल्या टप्प्यात सावली जवळजवळ नसते. या दिवसांत सूर्योदयापूर्वी चढण्यास प्रारंभ करून ऊन तापण्याआधी खाली येण्याची प्रथा आहे. पहाटेच्या अंधारात विजेऱ्यांच्या उजेडाची रांग डोंगरावर सरकताना दिसते, ती याच लोकांची.

वनस्पती आणि पक्षी

पायथ्याजवळ मिश्र पानझडी झाडी, त्यावर करवंदीच्या जाळ्या व झुडपे आणि माथ्याजवळ गवताळ उतार असा सर्वसाधारण क्रम आहे. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवीही सिंहगड परिसरात आढळते. आतकरवाडीजवळची ओढ्याकाठची झाडी पक्षीनिरीक्षकांमध्ये 'सिंहगड व्हॅली' या नावाने प्रसिद्ध आहे. स्वर्गीय नर्तक, नाचण, हळद्या, कोतवाल, बुलबुल असे अनेक पक्षी येथे दिसतात. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीस स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी छायाचित्रकारांची येथे गर्दी होते. मुख्य वाटेवरील वर्दळीपासून ही झाडी फार दूर नाही. त्यामुळे मोठ्या आवाजातील गाणी हा पक्षीनिरीक्षक आणि सहलीस आलेले गट यांच्यातील नेहमीच्या वादाचा विषय आहे.

विक्रेते आणि खाद्यपदार्थ

गडावर मिळणारी पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यात लावलेले दही हे सिंहगडाचे ठरलेले जेवण मानले जाते. वाटेवर ताक, लिंबू सरबत, काकडी, आवळे, चिंचा आणि हंगामात करवंदे, जांभळे विकली जातात. विक्रेते बहुधा घेरा सिंहगड आणि आसपासच्या वाड्यांतील रहिवासी असून त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे.

वाटेवरील टपऱ्यांपर्यंत वाहन पोहोचत नाही. तेथे मिळणारा प्रत्येक जिन्नस, पाण्याच्या हंड्यासह, कोणीतरी डोक्यावरून किंवा खांद्यावरून चढवून नेलेला असतो. पर्यटक ज्या वाटेवर आठवड्यातून एकदा व्यायामासाठी येतात, ती या लोकांची रोजची कामाची वाट आहे. पहिला पर्यटक येण्यापूर्वी ताक वर गेलेले असते आणि रिकामी भांडी संध्याकाळी खाली येतात. कोरडवाहू शेतीवर भागत नसल्याने अनेक कुटुंबांचा आधार सुटीच्या दिवसांची ही विक्रीच असते. २०२० मधील टाळेबंदीत गड पर्यटकांसाठी बंद राहिला, तेव्हा हे उत्पन्न पूर्णपणे थांबले होते.

वाट चुकलेल्यांना मार्गावर आणणे, चक्कर आलेल्यास सावलीत बसवून पाणी देणे आणि जखमीस खाली उतरवण्यास हात लावणे ही कामेही बहुधा प्रथम याच विक्रेत्यांवर येतात.

सराव आणि शर्यती

हिमालयातील मोहिमांची तयारी करणारे पुण्यातील गिर्यारोहक सहनशक्ती वाढवण्यासाठी या वाटेचा उपयोग करतात. पाठीवर वजन घेऊन चढणे किंवा एकाच दिवशी दोन-तीन वेळा चढ-उतार करणे असे सरावाचे प्रकार रूढ आहेत. अंतर व उंची ठाऊक असल्यामुळे आपली प्रगती घड्याळावर मोजता येते, हा या वाटेचा विशेष लाभ मानला जातो. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही प्रशिक्षणाचा भाग म्हणून सिंहगडापर्यंत पायी जातात.

सिंहगड–राजगड–तोरणा ही तीन किल्ल्यांची पदभ्रमंती महाराष्ट्रातील गिरिभ्रमणात प्रतिष्ठेची समजली जाते. याच मार्गावर दीर्घ पल्ल्याची डोंगरी शर्यतही भरवली जाते.

धोके आणि दक्षता

ही वाट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दोर किंवा अन्य साधनांची गरज पडत नाही. तरीही येथे दुर्घटना घडतात. वाट सोपी आहे या समजुतीमुळे अपुऱ्या तयारीने येणे, हे त्यांमागील एक महत्त्वाचे कारण असते. घसरून हात-पाय मुरगळणे किंवा मोडणे, उन्हाने चक्कर येणे आणि हृदयविकाराचा झटका येणे हे प्रमुख धोके आहेत. बैठ्या जीवनशैलीच्या व्यक्तीने सोबत्यांच्या वेगाशी बरोबरी करण्याच्या भरात न थांबता चढणे विशेष धोक्याचे असते. छातीत दडपण, अस्वाभाविक घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास चढणे तत्काळ थांबवणे आवश्यक असते. वाटेच्या मधोमध रुग्णवाहिका पोहोचू शकत नाही; रुग्णाला उचलून खाली किंवा वर न्यावे लागते आणि त्यात महत्त्वाचा वेळ जातो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे.

माथ्यावरील कडे हा वेगळा धोका आहे. धुके, जोराचा वारा आणि ओला कातळ असताना तानाजी कडा व अन्य कड्यांच्या टोकाशी छायाचित्रे काढणे जिवावर बेतू शकते. कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. धूर, आरडाओरडा किंवा दगडफेक यांमुळे माश्या उठून हल्ला करतात.

सर्वसाधारण दक्षतेत पकड असलेली पादत्राणे, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी, अंधारात चढणार असल्यास विजेरी आणि पावसाळ्यात दोन्ही हात मोकळे राहतील असा रेनकोट यांचा समावेश होतो. उतरताना वर येणाऱ्यास आधी वाट देण्याचा संकेत आहे. सुटा दगड पायाखालून निसटल्यास खालच्या लोकांना मोठ्याने सावध करणे अपेक्षित असते.

झीज, कचरा आणि व्यवस्थापन

सिंहगड हे राज्य संरक्षित स्मारक असून भोवतालच्या डोंगराचा मोठा भाग वनविभागाच्या अखत्यारीत आहे. वनविभाग व स्थानिक ग्रामस्थ यांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत घाटरस्त्याने येणाऱ्या वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते आणि त्यातून स्वच्छता व देखभालीची कामे केली जातात.

वाटेची झीज ही येथील ठळक समस्या आहे. हजारो पावलांनी सुटी झालेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, वाटेचा चर होतो आणि त्यातून पाणी अधिक वेगाने वाहू लागते. चरातून चालणे गैरसोयीचे झाले की लोक कडेच्या गवतावरून चालतात आणि तेथे नवी वाट पडते. अशा समांतर वाटांमुळे उतारावरील गवत व झुडपांची मुळे उघडी पडतात. जवळचा मार्ग म्हणून वळण तोडून सरळ चढणे, हे या झिजेचे प्रमुख कारण आहे. काही ठिकाणी दगड रचून पायऱ्या करण्यात आल्या आहेत. पायऱ्यांमुळे माती टिकते, परंतु वाटेचे मूळ स्वरूप जाते, असा आक्षेप काही गिर्यारोहक घेतात.

प्लॅस्टिकच्या बाटल्या व वेष्टने हा दुसरा प्रश्न आहे. विविध संस्था व गट स्वयंसेवेने सफाई मोहिमा राबवतात. वनविभागाने अनधिकृत टपऱ्या हटवण्याची कारवाई वेळोवेळी केली आहे. स्मारक व वनक्षेत्र मोकळे राहावे ही प्रशासनाची भूमिका, तर पिढ्यानपिढ्या येथे राहणाऱ्यांच्या उपजीविकेचे काय, हा ग्रामस्थांचा प्रश्न, अशा दोन बाजू या वादाला आहेत.

घाटरस्त्यावरील वाहनांची गर्दी कमी करण्यासाठी मे २०२२ मध्ये पायथ्यापासून गडापर्यंत विजेवर चालणारी बससेवा सुरू करण्यात आली होती. परंतु अडचणींमुळे ती लवकरच थांबवावी लागली. रोपवेचा प्रस्तावही अनेक वर्षे चर्चेत आहे. पावसाळ्यात दरड कोसळल्यामुळे घाटरस्ता अधूनमधून बंद ठेवावा लागतो. अतिवृष्टीच्या इशाऱ्यावेळी प्रशासन पायवाटेवरही प्रवेशबंदी लागू करू शकते.

अन्य वाटा

कल्याण दरवाज्याची वाट : दक्षिणेकडील कल्याण गावातून येणारी ही वाट आतकरवाडीच्या वाटेपेक्षा कमी वर्दळीची आहे. गडावरून राजगडाकडे जाणारे पदभ्रमक याच दरवाज्याने उतरून विंझरमार्गे पुढे जातात.

कात्रज–सिंहगड : जुन्या कात्रज बोगद्याजवळून डोंगररांगेच्या धारेने अनेक टेकड्या ओलांडत जाणारी ही लांब वाट सिंहगडाच्या घाटरस्त्यास मिळते. सावली व पाणी यांच्या अभावामुळे ती बहुधा रात्री, विशेषतः चांदण्या रात्री चालली जाते.

घाटरस्ता : गोळेवाडीहून गडाच्या वाहनतळापर्यंत जाणारा वळणावळणाचा मोटाररस्ता. सायकलपटू चढाच्या सरावासाठी त्याचा वापर करतात.

पोहोचण्याची सोय

पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला धरणावरून, जलाशयाच्या कडेने डोणजे गावाकडे जाता येते. पुढे गोळेवाडीपाशी गडावर जाणारा घाटरस्ता आणि आतकरवाडीकडे जाणारा रस्ता वेगळे होतात. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या बसगाड्या शहरातून सिंहगड पायथ्यापर्यंत जातात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चढण्यापूर्वीच विचारून घेणे सोयीचे ठरते. रविवारी सकाळी सातनंतर खडकवासला परिसरात वाहतूक कोंडी होत असल्याने नियमित येणारे लोक त्यापूर्वीच पायथा गाठतात. आतकरवाडीत वाहने उभी करण्याची सशुल्क सोय आहे. पिण्याच्या पाण्यासाठी वाटेवरील झऱ्यांवर विसंबणे योग्य नाही. पावसाळ्याव्यतिरिक्त ते कोरडे असतात.